फाइंडरमध्ये स्पष्ट, निगेटिव्हवर मऊ: फोकसिंग स्क्रीन बदलावी का, आणि कोणती घ्यावी?

तक्रार ठरलेली असते. मॅन्युअल फोकसचा जुना एसएलआर (लेन्समधलंच दृश्य आरशातून फाइंडरमध्ये दाखवणारा कॅमेरा), त्यावर ५० मिमी एफ/१.४ लेन्स. फाइंडरमध्ये डोळे स्वच्छ दिसत होते, स्प्लिट इमेजचे, म्हणजे मधल्या वर्तुळात फोकस चुकला की दुभंगणाऱ्या चित्राचे, दोन्ही अर्धे नीट जुळले होते. रोल धुऊन आला आणि बघतो तर डोळे मऊ, कान स्पष्ट. पुढच्या रोललाही तेच. मग कोणीतरी सांगतं, फोकसिंग स्क्रीन (फाइंडरमधलं चित्र जिच्यावर उमटतं ती मॅट पट्टी) जुनी झाली असेल, ब्राइट स्क्रीन टाक. स्क्रीन टाकली जाते, फाइंडर लखलखीत होतो आणि कान पुन्हा स्पष्टच येतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फाइंडर उजळ करणारी स्क्रीन फोकस सुधारेलच असं नाही, मोठ्या अ‍ॅपर्चरच्या (म्हणजे एफ/१.४ सारख्या लहान आकड्याच्या) लेन्सवर तर बऱ्याचदा उलटच होतं. शिवाय कोणती स्क्रीन घ्यावी हा नंतरचा प्रश्न आहे. आत्ता बसलेली स्क्रीन तिच्या जागेवर आहे का, हे आधी बघायला हवं.

दोष नक्की फोकसचाच आहे ना?

निगेटिव्ह भिंगाखाली धरा. फ्रेममध्ये कुठेच काही स्पष्ट नसेल आणि कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर हात हललाय. स्क्रीनचा त्यात काही संबंध नाही. कुठेतरी काहीतरी स्पष्ट आहे पण हवं तिथे नाही, असं असेल तर पुढे वाचा. त्यातही चूक दर वेळी एकाच बाजूला होते का, हे बघा. कधी पुढे, कधी मागे होत असेल तर कॅमेरा बहुधा ठीक आहे, अडचण डोळ्याची किंवा स्क्रीनच्या प्रकाराची आहे. दर वेळी मागेच किंवा दर वेळी पुढेच जात असेल, तर कॅमेऱ्यात काहीतरी सरकलंय.

कागदाच्या जाडीएवढा फरक

एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांतल्या आरशावर आपटून वर स्क्रीनवर जातो. शटर दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि तोच प्रकाश मागे फिल्मवर पडतो. लेन्सच्या माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून) फिल्मपर्यंतचं अंतर आणि माउंटवरून आरशामार्गे स्क्रीनच्या मॅट पृष्ठभागापर्यंतचं अंतर, ही दोन्ही तंतोतंत सारखी असली पाहिजेत. फाइंडरमधल्या फोकसवर आपण विसंबतो ते एवढ्याच भरवशावर. निकॉनच्या एफ माउंटमध्ये माउंट ते फिल्म हे अंतर ४६.५ मिमी आहे, ऑलिंपस ओएममध्ये ४६ मिमी, कॅनन एफडीमध्ये ४२ मिमी.

आता हिशेब बघा. ५० मिमी लेन्स, विषय एक मीटरवर. स्क्रीन ०.१ मिमीने, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाच्या जाडीएवढी, इकडे-तिकडे झाली तर फोकस विषयाच्या जागी साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास सरकतो. एफ/१.४ ला या अंतरावर डेप्थ ऑफ फील्ड (जेवढ्या खोलीत सगळं स्पष्ट येतं ती) पुढची-मागची मिळून जेमतेम तीन सेंटीमीटर. म्हणजे एका कागदाच्या जाडीत डोळे गेले आणि कान आले. हाच कॅमेरा एफ/८ ला वापरणाऱ्याला वर्षानुवर्षं काही कळतही नाही, कारण तिथे डेप्थ ऑफ फील्ड अठरा-वीस सेंटीमीटरपर्यंत जाते आणि चूक तिच्या पोटात जिरते. "आधी कॅमेरा बरोबर होता, ही लेन्स घेतल्यापासून बिघडला" असं जे वाटतं, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. कॅमेरा आधीपासूनच चुकत होता, एफ/१.४ ने फक्त ते उघडं पाडलं.

तपासायचं कसं

सगळ्यात सोपी तपासणी अनंताची. दूरचा मनोरा, डोंगराची कड, रात्रीचा तारा, काहीही चालेल. लेन्स पूर्ण उघडी ठेवून ∞ खुणेपर्यंत फिरवा आणि फाइंडरमध्ये बघा. रिंग ∞ ला टेकायच्या आधीच दृश्य स्पष्ट होतंय आणि टेकल्यावर किंचित मऊ पडतंय, तर स्क्रीन हवी त्यापेक्षा जवळ बसली आहे. अशा वेळी निगेटिव्हवर फोकस विषयाच्या पुढे येतो, म्हणजे डोळ्यांऐवजी नाकाचा शेंडा. उलट, रिंग शेवटाला टेकूनही दृश्य पूर्ण स्पष्ट होत नसेल, तर स्क्रीन लांब गेली आहे आणि फोकस मागे जातो, म्हणजे डोळ्यांऐवजी कान. ही तपासणी निदान दोन लेन्सवर करा. एकाच लेन्सवर चूक दिसली तर दोष त्या लेन्सचा, सगळ्यांवर एकाच दिशेने दिसली तर बॉडीचा. लांब टेलीफोटो यासाठी घेऊ नका. तापमानाने लेन्स थोडी प्रसरण पावते म्हणून त्यांतल्या बऱ्याच मुद्दाम ∞ च्या पुढे फिरतील अशा बनवलेल्या असतात.

खात्रीची तपासणी मागच्या बाजूने. रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, शटर बी वर (दाबून धरू तोवर उघडं राहतं त्या खुणेवर) ठेवून केबल रिलीजने उघडं कुलूपबंद करा. फिल्म जिथून सरकते तिथे रुळांच्या दोन जोड्या दिसतील. आतल्या जोडीवर फिल्म टेकते, बाहेरची जोडी प्रेशर प्लेटसाठी असते. आतल्या रुळांवर बसेल अशा मापाचा घासलेल्या काचेचा सपाट तुकडा, खरखरीत बाजू लेन्सकडे करून ठेवा आणि मागून भिंगाने बघा. चुकून बाहेरच्या रुळांवर ठेवलात तर सगळी तपासणी फुकट. काचेऐवजी मॅट चिकटपट्टी ताणून लावतात, पण ती मधे दबते. दोष ठळक असेल तर तिने कळतो, बारीक असेल तर नाही. शटरच्या पडद्याला काच लागणार नाही याची काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्या.

आता आधी फाइंडरमधून फोकस करा, मग शटर उघडून काचेवर भिंगाने बघा. विषय म्हणून मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवली की चूक सरळ सेंटीमीटरमध्ये वाचता येते. एकदा जवळून लांब रिंग फिरवत फोकस करा, एकदा लांबून जवळ. दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं तर लेन्सच्या रिंगेत ढिलाई आहे.

सपाट भिंतीसमोर आणखी एक गोष्ट दिसते. कॅमेरा भिंतीला समांतर ठेवूनही फाइंडरच्या डाव्या कडेला विटांच्या सांध्यांचा फोकस एका जागी लागतो आणि उजव्या कडेला दुसऱ्या, असं झालं तर स्क्रीन तिरकी बसली आहे.

सरकतं ते नक्की काय

बहुतेक वेळा आधी कोणीतरी आत हात घातलेला असतो. स्क्रीनच्या वर किंवा चौकटीखाली पत्र्याच्या अतिशय पातळ पट्ट्या असतात, मेकॅनिक त्यांना शिम म्हणतात. साफ करताना त्या निसटून पडतात, किंवा कोणाला जादा वाटतात म्हणून परत जात नाहीत. दुसरा प्रकार उलट्या स्क्रीनचा. स्क्रीन पालथी बसली की मॅट पृष्ठभाग तिच्या पूर्ण जाडीएवढा सरकतो, आणि मग फोकस थोडा नाही, ढळढळीत चुकतो. कुठली बाजू आरशाकडे हे मॉडेलनुसार ठरतं, म्हणून काढण्याआधी फोटो काढून ठेवणं उत्तम.

तिसरं कारण फोम. जुन्या कॅमेऱ्यांत आरशाच्या वरच्या कडेला धक्का झेलायला फोमची पट्टी असते. कालांतराने तिचा डांबरासारखा चिकट लगदा होतो, आणि त्याचा कण स्क्रीनच्या चौकटीत शिरला की स्क्रीन एका कोपऱ्यात उचलली जाते. वर भिंतीसमोर दिसलेल्या तिरक्या स्क्रीनचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. आणि चौथं, आरसा खाली येऊन ज्या खुंटीवर टेकतो ती खुंटी. ती वाकली किंवा फिरली की आरसा ४५ अंशांत राहत नाही. खुंटी फिरवून बघायचा मोह होतो, पण तिथे अंदाजाला जागा नाही. योग्य मापाची साधनं असलेल्या मेकॅनिककडेच द्या.

यातलं काही निघालं तर ते आधी दुरुस्त करा. नवी स्क्रीन चुकीच्या जागी बसवली तर ती नव्या तेजाने तीच जुनी चूक दाखवेल.

डोळा

कॅमेरा लेन्सशिवाय पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि स्क्रीनच्या मधल्या वर्तुळाची कडा बघा. स्प्लिट इमेजची मधली रेघ आणि मायक्रोप्रिझमचे (फोकस चुकला की चमचमणाऱ्या सूक्ष्म प्रिझमचे) बारीक ठिपके तुम्हाला धारदार दिसतात का? नसतील दिसत, तर त्यावरचं चित्र धारदार कधी झालं हे डोळ्याला कळणार कसं? बऱ्याच एसएलआरचा आयपीस (फाइंडरची डोळा लावायची काच) उणे १ डायॉप्टरला बसवलेला असतो, म्हणजे स्क्रीन डोळ्याला साधारण एक मीटरवर असल्यासारखी दिसते. चाळिशीनंतर ज्यांना वाचायला चष्मा लागतो, त्यांतल्या काहींना हे अंतरही जड जातं.

आयपीसवर बसणाऱ्या करेक्शन लेन्स मिळतात. निकॉनच्या लेन्सवर छापलेला आकडा कॅमेऱ्याचा उणे १ धरून आलेला असतो, त्यामुळे ० लिहिलेली लेन्स प्रत्यक्षात अधिक १ ची असते. चष्म्याचा नंबर बघून डोळे मिटून मागवली तर हमखास चुकते. नंबर सिलिंड्रिकल असेल तर या लेन्सचा उपयोग नाही, चष्मा लावूनच बघावं लागेल.

फाइंडरचं मॅग्निफिकेशनही यातच आलं. ५० मिमी लेन्सवर ओएम-१ चा फाइंडर ०.९२ पट दाखवतो, निकॉन एफएम२ चा ०.८६ पट, आणि चष्मेवाल्यांसाठी डोळा लांब ठेवून बघता येणारा एफ३ एचपीचा ०.७५ पट. एकाच दर्जाच्या स्क्रीनवर पहिल्याला फोकस सोपा आणि तिसऱ्याला अवघड वाटला तर नवल नाही. मधला भाग दुप्पट मोठा करून दाखवणारा निकॉनचा डीजी-२ आयपीसवर बसतो. अचल विषयांसाठी नवी स्क्रीन घेण्याआधी मी तो लावून बघेन.

आता निवड: अर्धं वर्तुळ काळं का पडतं

स्क्रीनबद्दलची दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे स्प्लिट इमेजचा एक अर्धा काळा पडतो. हा बिघाड नाही. त्या वर्तुळात परस्परविरुद्ध उताराच्या दोन पाचरी असतात. एका पाचरीतून डोळा लेन्सच्या एका कडेकडे बघतो, दुसरीतून समोरच्या कडेकडे. लेन्सचं उघडं तोंड पुरेसं मोठं असेल तर दोन्हीकडे चित्र दिसतं. ते लहान असेल तर डोळ्याला चित्राऐवजी लेन्सच्या नळीची आतली काळी भिंत दिसते. नेहमीच्या पाचरींत हे एफ/५.६ च्या सुमारास सुरू होतं. पाचर जितकी उभट तितका फोकस काटेकोर आणि तितकी ती लवकर काळी पडते, दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. डोळा जरा बाजूला झाला तरी एक अर्धा काळवंडतो, तेव्हा आधी डोळा मधोमध आणून बघा.

म्हणून ४०० मिमी एफ/५.६, दुप्पट टेलीकन्व्हर्टर लावलेली एफ/४ लेन्स, ५०० मिमी एफ/८ मिरर लेन्स यांच्यावर स्प्लिट इमेज निरुपयोगी. मॅक्रोवाले फसतात ते वेगळ्या वाटेने. लेन्समागे ट्यूब लावून एफ/२.८ ची लेन्स १:१ पर्यंत (विषय फिल्मवर खऱ्या आकाराचा येईल इतकी) नेली की ती प्रत्यक्षात एफ/५.६ झालेली असते, आणि लेन्सवर तर २.८ लिहिलेलं! मायक्रोप्रिझमची चमचमही याच नियमाने मरते. अशा कामांना मधे काहीच नसलेली पूर्ण मॅट स्क्रीन घ्या: निकॉनची बी, ऑलिंपसची १-४. इमारती, कागदपत्रं, सरळ रेषांचं काम असेल तर रेघांची जाळी असलेली निकॉनची ई किंवा ऑलिंपसची १-१०. माझं विचाराल तर एकच स्क्रीन ठेवायची असेल तेव्हा जाळीची ठेवावी. फोकससाठी ती मॅटच असते आणि क्षितिज तिरकं जात नाही.

वाइड लेन्सचं गणित उलटं आहे. २४ किंवा २८ मिमीवर मॅट भागात स्पष्ट आणि अस्पष्ट यांतला फरकच कळत नाही, सगळं सारखंच दिसतं. तिथे स्प्लिट इमेज उपयोगी, कारण ती मऊपणा दाखवत नाही, रेघ तुटलेली दाखवते. तिला रेघ मात्र लागते. आडव्या स्प्लिटला उभी रेघ हवी: खांब, चौकट, चष्म्याची काडी. पानांच्या गर्दीत, लोकरीवर, केसांवर ती आंधळी ठरते आणि भोवतालचं मायक्रोप्रिझमचं कडं कामाला येतं. निकॉनची के आणि ऑलिंपसची १-१३ यांत दोन्ही असतात, सामान्य वापराला त्या पुरेशा आहेत.

उजळपणाची किंमत

जुन्या घासलेल्या काचेचा पृष्ठभाग प्रकाश चौफेर विखुरतो. त्यामुळे फाइंडर अंधारा दिसतो, पण एफ/१.४ लेन्सच्या अगदी कडेकडून आलेले किरणही थोडेफार डोळ्यापर्यंत पोचतात. फोकस चुकला की चित्र फिसकटवतात ते हेच कडेचे किरण. नवी उजळ स्क्रीन सूक्ष्म लेन्सच्या रचनेची असते. १९७७ च्या मिनोल्टा एक्सडीमधली अ‍ॅक्यूट मॅट ही त्यातली गाजलेली सुरुवात. ती प्रकाश कमी विखुरते आणि डोळ्याकडे सरळ पाठवते. चित्र उजळ होतं, पण कडेचे किरण डोळ्याबाहेर जातात. ही रचना टोकाला नेलेल्या, विशेषतः ऑटोफोकस कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या स्क्रीनवर एफ/१.४ लेन्स डोळ्याला एफ/२.८ सारखी दिसते. फाइंडरमध्ये डोळे आणि कान दोन्ही स्पष्ट, फिल्मवर एकच.

हे घरच्या घरी पडताळता येतं. एफ/१.४ लेन्स लावा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूची कळ दाबून धरा आणि अ‍ॅपर्चर रिंग १.४ वरून २, मग २.८ अशी फिरवा. मॅट भागातला उजेड आणि मागच्या दिव्यांचे गोळे २.८ पर्यंत तसेच राहिले, तर तुमची स्क्रीन १.४ आणि २.८ यांतला फरक दाखवतच नाही. दर टप्प्याला उजेड घटला आणि गोळे लहान झाले, तर स्क्रीन खरं सांगते आहे. ही स्क्रीन अंधारी म्हणून काढू नका.

एफ/३.५ किंवा एफ/४ चे झूम वापरणाऱ्याला उजळ स्क्रीनचा निखळ फायदा आहे, त्याचं यात काही बुडत नाही. एफ/१.२, १.४ पूर्ण उघडं ठेवून माणसांचे फोटो काढणाऱ्याने मात्र जुनी मूळ स्क्रीन जपावी किंवा स्प्लिट इमेजवर भिस्त ठेवावी.

तुमच्या कॅमेऱ्यात बदलता येते का

निकॉन एफ, एफ२, एफ३ मध्ये फाइंडर काढून वरून बदलता येते. एफई, एफएम२, एफई२, एफएम३ए, ओएम-१ ते ओएम-४, पेंटॅक्स एमएक्स आणि एलएक्स, कॅनन एई-१ प्रोग्रॅम यांत माउंटमधून, छोट्या चिमट्याने. साधा एफएम, साधा एई-१ आणि पेंटॅक्स के१००० यांची स्क्रीन वापरणाऱ्याने बदलायची नाही. हॅसलब्लाड ५००सी मध्येही नाही, ५००सी/एम मध्ये हो. दुसऱ्या कॅमेऱ्याची स्क्रीन कापून बसवण्याचे प्रकार चालतात, पण जाडी वेगळी असली की आपण पुन्हा कागदाच्या जाडीच्या हिशेबावर येतो.

मीटरचा विचारही आत्ताच करा. एफएम२, एफई, ओएम-१ यांचे मीटर स्क्रीनवरचा उजेड मोजतात. स्क्रीन उजळ झाली की मीटरला वाटतं प्रकाश जास्त आहे, आणि फिल्म कमी उजळते. ओएम-१ मध्ये नंतरच्या, २ ने सुरू होणाऱ्या उजळ स्क्रीन घातल्या की हेच होतं. निकॉन एफ३ चा मीटर आरशाखाली आहे, त्याला स्क्रीनशी देणंघेणं नाही. ओएम-२ ऑटोवर असताना थेट फिल्म आणि शटरच्या पडद्यावरून मोजतो, तोही सुटला. फाइंडरमधली त्याची सुई मात्र फसते. कॅनन न्यू एफ-१ मध्ये तर मीटर सरासरी मोजणार, मधला भाग मोजणार की स्पॉट, हेच स्क्रीनवरून ठरतं, तेव्हा तिथे स्क्रीनच्या नावातलं अक्षर नीट वाचून घ्या.

उपाय सोपा आहे. स्क्रीन बदलण्याआधी एकसारख्या उजेडातली भिंत मोजा, बदलल्यावर तीच भिंत त्याच लेन्सने पुन्हा मोजा. एक तृतीयांश स्टॉपचा फरक आला तर आयएसओ ४०० ऐवजी ३२० लावा.

बसवताना

स्क्रीन प्लॅस्टिकची असते आणि तिचा मॅट पृष्ठभाग बोटाचा ठसा कायमचा धरून ठेवतो. कडेच्या कानाला धरूनच उचला. स्पिरिट, अ‍ॅसिटोन, लेन्स क्लीनर यांपैकी काहीही लावू नका, फक्त हवेचा ब्लोअर. धुळीचा कण निघाला नाही तर राहू द्या, तो फोटोत येत नाही. कॅमेरा उलटा धरून काम केलं तर पडलेली स्क्रीन आरशावर आपटत नाही, आणि शिम असल्या तर त्या आहेत तिथेच राहतात. चौकट बंद करताना टिक असा आवाज यायला हवा. नुसती दाबून बसल्यासारखी वाटली तर पुन्हा उघडा, कोपऱ्यात फोमचा कण असणार.

बसवून झाली की रोल भरायच्या आधी अनंताची तपासणी पुन्हा एकदा, त्याच लेन्सने, त्याच मनोऱ्यावर.